परतल्यानंतरचे दोन दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी महाबळेश्वर येथे केलेले भाषण)



लडाखचे प्रवासवर्णन ऐकायला मिळेल अशा अपेक्षेने आपण आला असाल, तर थोडी निराशा होईल, हे आधीच सांगून टाकते. तिथली निळी सरोवरे आणि उघडे डोंगर आज प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये आहेत. माझ्या वर्णनाने त्यांत काही भर पडायची नाही. ज्याचे चित्र कोणी काढून ठेवत नाही, त्याविषयी मला बोलायचे आहे. बाई प्रवासाहून घरी येते, पिशव्या ओट्यावर ठेवते, आणि पुन्हा कामाला लागते, ते दिवस कसे असतात?

बाजारपेठेत आमचे सरबत-जॅमचे लहानसे दुकान आहे, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. आपल्या गावाचे वर्षच दोन तुकड्यांचे. दिवाळीपासून मेअखेर पाहुणे, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. हल्ली पाऊस पाहायलाही शनिवार-रविवारी माणसे येतात, परंतु त्यांचा ओढा जॅमच्या बाटलीपेक्षा भाजलेल्या कणसाकडे अधिक. तेव्हा आमच्यासारखीला बाहेर पडायचे तर ते पावसाळ्यातच. आणि भर पावसाळ्यात कोरडा प्रदेश कोणता, तर लडाख. आपल्याकडे वर्षाला दोनशे इंचांच्या वर पाऊस, आणि लेहला जेमतेम चार इंच! म्हणून २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी, माझ्या वन्सं आणि त्यांच्या दोन मैत्रिणी अशा चौघी एकोणीस दिवसांसाठी निघालो.

तिकडच्या तीनच गोष्टी सांगते, कारण पुढच्या बोलण्याला त्यांची गरज आहे.

पहिली गोष्ट अशी की, लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे. आपले महाबळेश्वर साडेचार हजारांवर. दिल्लीहून विमानाने तासा-दीड तासात माणूस तिथे पोहोचतो, पण त्याच्या शरीराला मात्र तिथे पोहोचायला वेळ लागतो. हवा विरळ, दोन पायऱ्या चढले की धाप लागते. म्हणून पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहायचे, पाणी प्यायचे आणि कुठेही जायचे नाही, असा तिथला दंडकच आहे. आम्ही चौघी दोन दिवस अंथरुणावर पडून खिडकीतले डोंगर पाहत होतो. लग्नानंतर इतकी स्वस्थ मी बाळंतपणातही पडले नव्हते.

दुसरी गोष्ट जर्दाळूची. त्याला त्यांच्या भाषेत ‘चुली’ म्हणतात. आपल्याला हसू यावे असाच शब्द! ऑगस्टात लेहच्या मुख्य बाजारात आसपासच्या गावांतल्या बायका पदपथावर भाजी आणि जर्दाळू घेऊन ओळीने बसतात. तिथला उन्हाळा इतका आखूड, की जे काय पिकवायचे आणि वाळवायचे ते त्या चार महिन्यांत. छपरांवर जर्दाळू वाळत घातलेले असतात आणि हिवाळाभर ते पुरवून खातात.

तिसरी गोष्ट पाण्याची. पाऊस नाही, तेव्हा शेती सारी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. गावागावांतून ‘चुरपोन’ नावाचा माणूस नेमलेला असतो. आपल्याकडचा पाटकरीच म्हणा ना. आज पाणी कोणाच्या शेतात, उद्या कोणाच्या, हे तो पाहतो. पाणी थोडे असले तरी प्रत्येकाची पाळी येते.

आता परतण्याविषयी. पसरणीचा घाट चढून वर आलो आणि पाचगणीपासूनच धुके लागले. घर उघडले तर सगळीकडे ओल. कपाटातल्या चपलांना बुरशी, साखरेला पाणी सुटलेले, बाटल्यांवर लावायच्या लेबलांचे गठ्ठे एकमेकांना चिकटलेले. शेतावर स्ट्रॉबेरीची रोपे लावणीला येत चाललेली, गादीवाफे करायचे होते, वर पसरायचा काळा कागद आणायचा होता. सासूबाईंचे गुडघे पावसाने धरलेले. हे सारे आपल्या प्रत्येकीच्या घरी असते, त्याचे मला काही विशेष वाटले नाही.

विशेष वाटले ते निराळेच. मला कोणी बोलले नाही. सासूबाई नाहीत, यजमान नाहीत. पण माझ्याच मनात एक खातेवही उघडली गेली होती. एकोणीस दिवस तू मजा केलीस, आता ते फेड. पहिल्याच दिवशी पहाटे चारला उठून मी बाटल्या उकळायला घेतल्या. भगिनींनो, आपल्यापैकी जी कोणी माहेरी, यात्रेला, लेकीच्या बाळंतपणाला परगावी जाऊन आली असेल तिने आठवून पाहावे. परतल्यावर आपण दुप्पट राबतो, ते काम साठलेले असते म्हणून की जाण्याचा दंड भरायचा असतो म्हणून? यजमान पुण्याहून दोन दिवसांचा बाजार करून आले, तर त्यांच्यासाठी पाणी तापलेले असते. ते तापवणारी मीच. यात त्यांचा दोष काढत नाही. पाणी तापवायला मला कोणी सांगितले नव्हते, आणि माझ्यासाठी तापवावे असे मीही कोणाला सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, तिकडे वर चढल्यावर दोन दिवस निजून काढलेत ना? मग इकडे उतरल्यावरही काढा. दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे द्या.” मी किल्ल्या दिल्या आणि खरोखरच दोन दिवस पडून राहिले. तिसऱ्या दिवशी उठले ती हिशेबाला हात न लावता फक्त बाटल्या धुवायला बसले. हाताला ओळखीचे काम मिळाले की मनही हळूहळू घरी येते, असा माझा अनुभव आहे. वह्या चार दिवसांनी उघडल्या. तोवर आकडे मला भीती घालीत नव्हते.

प्रवासाने कामाला काही दिले का, असे कार्यवाहबाईंनी मला मुद्दाम विचारले आहे. दिले. मार्च महिन्यात फळ इतके येते की भाव पडतो. स्ट्रॉबेरी जर्दाळूसारखी नुसत्या उन्हात वाळत नाही, तिला रस फार. म्हणून आम्ही विजेवर चालणारे लहान वाळवणयंत्र घेतले आणि चकत्या करून वाळवू लागलो. फार मोठा नफा झाला असे नाही, पण पडेल भावात द्यावे लागणारे काही फळ तरी घरात राहिले.

परंतु खरी गोष्ट त्या चुरपोनची. मी गेले तेव्हा दुकान, रोपे आणि सासूबाई कोणी सांभाळल्या? जाऊबाईंनी. तिला या घरात येऊन एकोणीस वर्षे झाली. पंढरपूर आणि महाडचे माहेर सोडले तर तिने काही पाहिलेले नाही. पाणी माझ्या शेतात आले, तेव्हा तिचे शेत कोरडे होते. येत्या पावसाळ्यात ती कन्याकुमारीला जाणार आहे. तिकिटे काढून झाली आहेत. तेवढे दिवस किल्ल्या माझ्याकडे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपण एक पाळीची वही घालावी. जिला जायचे असेल तिने नाव लिहावे, आणि जिला तिचे काम सांभाळता येईल तिने त्यापुढे आपले. कोणाची खानावळ, कोणाचे शिवणाचे यंत्र, कोणाच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. पैसे ज्याचे त्याने घालावेत. मंडळाने फक्त पाळी लावून द्यावी. आणि वहीत एक नियम पहिल्याच पानावर असावा. परतलेल्या बाईला दोन दिवस कोणी काम सांगू नये, आणि तिनेही ते स्वतःहून ओढवून घेऊ नये. दाराशी आली की तिच्यासाठी पाणी तापलेले असावे.