दोन बारीक नळ्या

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवरून ऑगस्ट २०२० मध्ये एका घरबांधणीच्या विमानाची चाचणी उड्डाणे झाली. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागात, इमारतीच्या गच्चीवर ते सहा आसनी विमान बांधले होते. अशा वेळी चर्चा होते ती पंखांची आणि इंजिनाची. मी आज अशा प्रत्येक विमानातील दोन बारीक नळ्यांविषयी बोलणार आहे.

पहिली, समोरून आदळणारी हवा घेणारी. तिला फ्रेंच अभियंता आंरी पीटो याचे नाव आहे. दुसरी, विमानाच्या अंगावरील बारीक छिद्रातून बाहेरच्या हवेचा दाब घेणारी. तिला स्टॅटिक नळी म्हणतात. दोन्ही दाबांतील फरकावरून वेग समजतो आणि एकट्या स्टॅटिकवरून उंची. समुद्रसपाटीजवळ ३० फूट वर गेले, की दाब सुमारे १ मिलिबारने उतरतो. एवढ्या थोड्या फरकावर काटा हलतो.

मग जोडात सुईएवढी फट राहिली तर? पीटो नळी गळत असेल तर वेग खऱ्याहून कमी दिसतो. स्टॅटिक नळी गळत असेल तर बाहेरच्या दाबात केबिनमधला दाब मिसळतो. तो बहुधा किंचित कमी असतो, म्हणून विमान आहे त्याहून उंच दिसते. काटा बंद पडला असता तर निदान संशय आला असता. तो चालूच राहतो आणि चुकीचे सांगतो. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरू देशातील एका विमानाची स्टॅटिक छिद्रे धुलाईनंतर चिकटपट्टीने झाकलेलीच राहिली. ते विमान रात्री समुद्रात कोसळले आणि ७० माणसे गेली. तेथे गळती नव्हती, छिद्रे बुजली होती. पण वैमानिकांची फसगत काट्यांनीच केली.

म्हणून तपासणी जमिनीवरच करावयाची. स्टॅटिक नळीतून हवा अगदी हळू ओढून घेतात, उंचीचा काटा १००० फूट वर नेतात आणि नळी बंद करून घड्याळ पाहतात. एका मिनिटात काटा १०० फुटांहून अधिक उतरता कामा नये. वेगाच्या काट्यावर ताण येऊ नये म्हणून पीटो नळीही त्याच ओढीला जोडतात. तोंडाने फुंकण्याचा मोह टाळावा. आतली पातळ डबी बिघडते.

आपला पंक्चरवाला ट्यूब फुगवून पाण्यात बुडवतो आणि बुडबुड्यावरून भोक शोधतो. येथे ती युक्ती चालत नाही. हवा आत ओढलेली असल्याने बुडबुडा येत नाही, उलट पाणीच नळीत शिरते. मग नळी मध्यावर सोडवून बुच लावावयाचे. एक अर्धा भाग ठीक निघाला, तर दोष दुसऱ्यात. त्याचेही पुन्हा दोन भाग करावयाचे. असे करता करता दोषी जोड हाती येतो.

दुरुस्ती मात्र साधी असते. प्लॅस्टिक नळीचे कडक झालेले टोक सरळ कापून पुन्हा बसवणे, तडकलेला जोड बदलणे. आटे गळतात म्हणून पाना जोराने आवळू नये, जोड फुटतो. आट्यांवरील पट्टीचा तुकडा नळीत जाऊ देऊ नये. आणि एक जोड सुधारला, की सगळी तपासणी पहिल्यापासून पुन्हा करावी. कंटाळा येतो तो येथेच, आणि घात होतो तोही येथेच.

पालकहो, सहामाहीत मुलाचे गणित कच्चे निघाले, तर त्याच्यावर रागावू नका. गळती जमिनीवर सापडली, असे समजा. कोणता धडा कच्चा आहे ते त्याच्याजवळ बसून शोधा. आणि विद्यार्थी मित्रहो, न समजलेले समजले म्हणून सांगू नका. चुकीचा काटा पाहणाऱ्यालाही फसवतो.