गाडी किती देते आणि किती खाते

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात ज्येष्ठांनी आठवणी सांगायच्या अशी पद्धत आहे. पण माझ्याआधीच्या वक्त्यांनी पाण्याचे टँकर, बंद पडणारी लिफ्ट आणि आपला पहिला गणपती हे सगळं सांगून टाकलंय. मला कमिटीने विषय दिला 'इंधनाचा खर्च'. गेटपाशी दोन माणसं भेटली की तब्येतीच्या खालोखाल हाच विषय निघतो, म्हणून असेल. मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासले. तेव्हा मी बोलणार ते हिशोबाचंच.

१९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं आणि कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरवरून थोड्याच महिन्यांत बाराच्या आसपास गेला, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. आमच्याकडे सायकली होत्या, त्यामुळे पेट्रोलची झळ आधी लागली ती किराणा आणि एसटीच्या तिकिटातून. पुढे नंबर लागून स्कूटर आली. टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, आणि त्यातलं काही न जळताच धुराबरोबर बाहेर जायचं. रिझर्व्हसुद्धा संपलं की स्कूटर एका अंगावर कलती करायची आणि टाकीच्या कोपऱ्यातल्या पेट्रोलवर पंप गाठायचा. इथल्या निम्म्या लोकांनी ते केलंय, हसताय म्हणजे केलंय. १९८५ साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटरसायकल आली आणि 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा प्रश्न, मुलाचा पगार किती असा स्थळाला विचारावा, तसा घरोघर विचारला जाऊ लागला.

माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न अर्धाच आहे. बँकेत आम्हा अधिकाऱ्यांना पेट्रोलचा भत्ता लिटरमध्ये मंजूर व्हायचा. स्केलप्रमाणे महिन्याला अमुक लिटर. भाव वाढो की उतरो, लिटर तेवढेच. त्यामुळे आम्हाला सवय लागली ती 'महिन्याला किती लिटर लागले' हे विचारायची. गाडी किती देते हे कंपनी सांगते. ती किती खाते हे आपल्यालाच बघावं लागतं.

एक साधं गणित करू. एका घरी मोठी गाडी आहे, लिटरला ८ किलोमीटर देणारी. दुसऱ्याकडे स्कूटर आहे, ४० देणारी. दोघंही महिन्याला ५०० किलोमीटर फिरतात. स्कूटरवाल्याने नवी घेतली, ६० देणारी. वीस किलोमीटर वाढले, केवढी प्रगती! लिटर बघा. आधी साडेबारा लागत होते, आता सव्वाआठ-साडेआठ. चार लिटर वाचले. मोठ्या गाडीवाल्याने टायरची हवा, फिल्टर बघून, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका ठेवून आठाचे नुसते दहा केले, तर साडेबासष्टच्या जागी पन्नास. साडेबारा लिटर वाचले. म्हणजे स्कूटरवाला महिनाभर जेवढं जाळत होता तेवढं! मी हे कट्ट्यावर सांगितलं तेव्हा कुणाला पटेना. कागदावर मांडून दाखवावं लागलं.

आपल्या गाडीचा आकडा काढायचा तर टाकी ते टाकी. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी पुन्हा तसंच, आणि मधले किलोमीटर भागिले या वेळी भरलेले लिटर. असं निदान तीनदा करा, एका वेळेवर विश्वास ठेवू नका. लगे हात पंपाबद्दल. शंभरऐवजी एकशे दहाचं घेतलं की जास्त मिळतं, पहाटे पेट्रोल घट्ट असतं, असं बरंच सांगतात. मशीन लिटर मोजतं, त्याला तुमच्या रुपयांच्या आकड्याशी देणंघेणं नाही. आणि टाक्या जमिनीखाली असतात, तिथे पहाट आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही. माप कमी वाटलं तर पंपावर वजनमाप खात्याने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप असतं, त्यात मोजून मागायचा आपल्याला हक्क आहे. मी एकदा एका पंपावर मागितलं. माप निघायला वीस मिनिटं लागली, पण निघालं.

कंपनीने सांगितलेला आकडा रस्त्यावर येत नाही, ही दुसरी तक्रार. तो आकडा खोटा नसतो, पण तो आपला नसतो. आपल्या डोक्यावरच, वेताळ टेकडीवर, एआरएआय आहे. अशा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवतात, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळात, आणि आजवर ही चाचणी एसी बंद ठेवून होत आली. तिथे कर्वे रोडचा सिग्नल नसतो, खड्डा नसतो, मागच्या सीटवर सासूबाई नसतात. त्यातून आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. उसाच्या मळीपासून, रसापासून, धान्यापासून ते होतं, आपल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, ते ठीकच. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच भरते. म्हणजे मिसळलेल्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी. प्रत्यक्षात अ‍ॅव्हरेज किती उतरतं ते इंजिनावर अवलंबून. जुनी गाडी असेल तर मेकॅनिककडून रबराचे पाइप आणि सील एकदा बघून घ्या.

सीएनजीबद्दल मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. हिशोबाला सोपं म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. पेट्रोलवर गाडी १८ देते, सीएनजीवर किलोला २५. किलोमीटरमागे जवळपास दोन रुपये वाचतात. आता सीएनजीचं मॉडेल ९० हजारांनी महाग असेल, तर ते पैसे वसूल व्हायला ४५ हजार किलोमीटर चालवावं लागेल. रोज हिंजवडीला जाणारा महिन्याला दीड हजार किलोमीटर करतो, त्याचे अडीच वर्षांत वसूल. त्याने जरूर घ्यावी. माझ्यासारखा महिन्याला चारशे करणारा असेल तर नऊ वर्षं उलटून जातील. आणि बँकेचा माणूस म्हणून पुढचंही सांगतो. तेच ९० हजार ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ६,३०० रुपये व्याज. माझी सीएनजीतली बचत वर्षाला ९,६००. राहिले ३,३००. त्यासाठी डिकीतली जागा द्यायची आणि रांगेत उभं राहायचं. मी नाही घेतली.

घरातल्या गॅसचं एका वाक्यात उरकतो. डाळ भिजवा, शिटी झाली की आच बारीक करा. हे भगिनींना मी सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे.

आता मला खरं जे बोलायचंय त्याकडे येतो.

आपल्या दोन विंगांत मिळून सहा घरी एकच मावशी पोळ्या-स्वयंपाकाला येतात. उत्तमनगरच्या पुढून येतात, जुन्या स्कूटीवर. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "काका, इलेक्ट्रिक गाडीला कर्ज मिळेल का हो?" मी म्हटलं, बसा, आधी हिशोब करू. त्यांच्या घरापासून इथपर्यंत आठ किलोमीटर. सकाळी येऊन-जाऊन सोळा, संध्याकाळी पुन्हा सोळा. रोजचे बत्तीस, महिन्याचे २६ दिवस, झाले ८३२ किलोमीटर. स्कूटी जुनी आहे, ४० देते. म्हणजे जवळजवळ २१ लिटर, दोन हजार ऐंशी रुपये. सहा घरांचे मिळून त्यांना पंधरा हजार मिळतात. सात रुपयांतला एक रुपया त्या आपल्याकडे येण्याजाण्यात जाळतात. टायर, ऑइल, पंक्चर वेगळं.

माझ्या गाडीला महिन्याला २८-२९ लिटर लागतात, म्हणजे मी त्यांच्यापेक्षा जास्तच जाळतो. भाव पाच रुपयांनी वाढला की मी पेपर वाचून चिडतो. त्यांच्याकडे महिन्याला शंभर रुपये कमी होतात, आणि ते कशातून काढायचे ते ठरवावं लागतं. आपण दरवर्षी मेंटेनन्सवर चर्चा करतो. पण पेट्रोल वाढलं म्हणून मावशींचे पैसे वाढवायचे का, हा विषय कुठल्या मीटिंगच्या अजेंड्यावर आलेला मला आठवत नाही.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर, तशी स्कूटर एका युनिटमध्ये तीसएक किलोमीटर जाते. त्यांचा रोजचा प्रवास एका युनिटच्या थोडा वर, म्हणजे दहा-बारा रुपयांत होईल. ऐकायला फार छान. पण लाखाचं कर्ज तीन वर्षांत फेडायचं तर हप्ता महिना तीन हजारांच्या वर जातो, आणि वाचणार सतराशे-अठराशे. शिवाय त्या राहतात तिथे रात्री गाडीला वायर लावायची सोय नाही. मी स्पष्ट सांगितलं, सध्याची स्कूटी धड चालतेय तोवर कर्ज काढू नका. त्यांचा चेहरा उतरला, पण हप्ता थकल्यावर काय होतं ते मी काउंटरच्या आतून बघितलंय.

मग उरतं काय? फेरी. सहापैकी पाच घरी त्या संध्याकाळी पुन्हा येत होत्या. संध्याकाळचं काम दुपारीच करून गेल्या तर रोजचे सोळा किलोमीटर वाचतात, महिन्याचे १,०४० रुपये. कुणाचा एक पैसा खर्च न होता. मी पाचही घरी जाऊन बोललो. तीन घरांनी लगेच हो म्हटलं. एक वहिनी म्हणाल्या, "संध्याकाळी पोळी गरम करून घेऊ, त्यात काय!" दोन घरी जमलं नाही. आणि इथे नीट लक्ष द्या. पाचातली तीन घरं हो म्हणाली म्हणून पेट्रोल तीन पंचमांश वाचत नाही. काहीच वाचत नाही. एका घरासाठी आल्या तरी सोळा किलोमीटर पडतातच. इतर खर्च माणशी वाटून कमी होतात, हा होत नाही.

त्या दोन घरांपैकी एक आमचं आहे. मंडळींच्या पथ्यामुळे रात्रीचं जेवण ताजंच लागतं, त्यात बदल होणार नाही. म्हणून ती फेरी आमच्यासाठी आहे असं धरून तिचं निम्मं पेट्रोल, ५२० रुपये, आम्ही पगाराशिवाय वेगळे देतो. बक्षीस म्हणून नाही, प्रवासखर्च म्हणून. बँकेत मला दुसऱ्या शाखेत तपासणीला पाठवत तेव्हा टीए मिळायचा, तो कुणी उपकार म्हणून दिला नव्हता. दुसऱ्या घराशी माझं बोलणं झालंय, ते त्यांच्या सोयीने ठरवतील. पण भाजीवाला पोऱ्या, इस्त्रीवाले, पेपरवाले, फिजिओथेरपीला येणाऱ्या मॅडम, सगळ्यांच्या बाबतीत प्रत्येक घरी हे गणित मांडता येईल. 'संध्याकाळी पुन्हा एकदा येऊन जा' हे आपण किती सहज म्हणतो!

शाळेचंही तसंच आहे. सकाळी गेटवर उभं राहून मोजलं. एकाच शाळेत जाणारी चौदा मुलं आणि अकरा वाहनं, चार गाड्या, सात स्कूटर. शाळा अडीच किलोमीटरवर. सोडणं-आणणं मिळून प्रत्येकाचे दहा किलोमीटर. थंड इंजिन आणि शाळेसमोरची गर्दी यांत गाडी लिटरला दहाच्या वर देत नाही. चार गाड्यांचे चार लिटर, सात स्कूटरींचे पावणेदोन. रोजचे पावणेसहाशे रुपये, शाळेचे दोनशे दिवस धरले तर सव्वा लाखाला दहा हजार कमी. दोन विंगांतल्या आयांनी पाळ्या लावून घेतल्या तर यातले निम्मे सहज वाचतील. हे मी सुचवतोय, ठरवायचं त्यांनी. पहाटे उठणारे त्या आहेत, मी नाही.

ज्यांना आपल्या गाडीचा टाकी ते टाकी हिशोब मांडून हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर क्लबहाऊसमध्ये यावं. पंपाच्या दोन पावत्या आणि दोन्ही वेळचा किलोमीटरचा आकडा घेऊन या. कंपनीचं माहितीपत्रक आणू नका. आणि घरी कामाला येणाऱ्यांपैकी कुणाला करून हवा असेल तर त्यांनाही पाठवा, त्यांचा नंबर आधी.