पुरुषांच्या अबोल तक्रारी

पन्नाशी गांठलेला गृहस्थ गुडघा धरला तर तें चारचौघांत सांगतो. पण इंद्रियाला पूर्वीचा ताठपणा राहिला नाहीं, ही गोष्ट तो पत्नीजवळहि काढीत नाहीं. घरच्या डॉक्टरांपुढें तर मुळींच नाहीं. तो वाचतो भिंतीवरची जाहिरात. मुंबईच्या लोकलगाडींतून जाणाऱ्यांना रुळांकडेच्या भिंतींवर रंगविलेलीं ‘गुप्तरोगतज्ज्ञां’चीं नांवें परिचित आहेत. अशा विकारांवरील औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानें मनाई आहे. तरीहि भिंती कोऱ्या राहात नाहींत.

या संकोचाला महाराष्ट्रांत र. धों. कर्वे यांनीं उघड विरोध केला. १९२७ ते १९५३ पर्यंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें व वाचकांच्या खासगी शंकांना त्यांत स्पष्ट उत्तरें दिलीं. १९३४ सालीं अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, पण निकाल कर्व्यांच्या विरुद्धच गेला.

तरुणांची मोठी धास्ती धातु जाण्याची. रक्ताच्या अनेक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वस्तुतः वीर्याचा बहुतेक भाग वीर्यकोश व प्रोस्टेट ग्रंथि यांचा स्राव असतो आणि तो सतत तयार होत राहातो. स्वप्नावस्था हा रोग नव्हे, हस्तमैथुनानें दुर्बलताहि येत नाहीं. मात्र भीति खरी असते. तिच्यामुळें झोप उडते, थकवा येतो, मन खचतें. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनीं १९६० सालीं या अवस्थेला ‘धात’ विकार असें नांव दिलें. अशा तरुणाला शक्तिवर्धक पुड्या देणें म्हणजे त्याच्या भीतीवर शिक्कामोर्तब करणें होय. त्याची नीट तपासणी करावी, शरीराचा व्यवहार समजावून सांगावा. खिन्नता असेल तर तिच्यावर उपचार करावे. शीघ्रपतनाच्या तक्रारीवरहि सरावाचे उपाय व कांहीं औषधें उपलब्ध आहेत.

प्रौढाची गोष्ट निराळी, आणि अधिक गंभीर. ताठरता हा मुख्यतः रक्तप्रवाहाचा खेळ आहे. मनांत इच्छा उत्पन्न झाली कीं मज्जातंतूंकडून संदेश जातो, नायट्रिक ऑक्साईड निर्माण होतें, रोहिण्या सैल होतात आणि इंद्रियांत रक्त भरून तेथेंच अडतें. या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून बारीक. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा चरबी यांमुळें सर्वच रक्तवाहिन्या खराब होऊं लागल्या म्हणजे पहिली अडचण बहुधा बारीक वाहिन्यांत जाणवते. म्हणून छातींत कळ येण्याच्या कित्येकदां दोनतीन वर्षें आधीं ही तक्रार सुरू झालेली असते. भिंतीवरचा पत्ता शोधण्यांत तीं वर्षें गेलीं, तर रोग्याचें जें नुकसान होतें तें केवळ शय्यागृहापुरतें नसतें.

पहांटे जाग येतांना ताठरता पूर्ववत् असेल, तर यंत्रणा शाबूत असून कारण चिंतेंत किंवा घरांतील बेबनावांत असण्याचा संभव अधिक. तीहि हळूहळू नाहींशी झाली असेल, तर रक्तांतील साखर व चरबी, रक्तदाब आणि सकाळच्या वेळीं टेस्टोस्टेरॉन यांची तपासणी करणें इष्ट. रक्तदाबाच्या व खिन्नतेच्या कांहीं औषधांनींहि ही अडचण येते. पण तीं परस्पर बंद करूं नयेत, डॉक्टर तीं बदलून देऊं शकतात. तंबाखू सोडणें, रोज चालणें, वजन उतरविणें हे उपाय कंटाळवाणे खरे, परंतु मूळ दुखण्यावर चालणारे तेच.

सिल्डेनाफिल हें औषध प्रथम हृदयशूळासाठीं शोधलें जात होतें. चाचण्यांत त्याचा निराळाच गुण दिसून आला आणि १९९८ सालीं अमेरिकेंत तें या तक्रारीसाठीं मान्य झालें. तें इच्छा उत्पन्न करीत नाहीं. इच्छा झाल्यावर रक्तप्रवाहाला साह्य करतें. ‘केवळ वनस्पतींचें’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांतहि तें चोरून मिसळलेलें आढळलें आहे, आणि धोका येथेंच आहे. हृदयरोगी छातींत कळ आली कीं जिभेखालीं नायट्रेटची गोळी ठेवतो. हीं दोन औषधें शरीरांत एकत्र आलीं तर रक्तदाब एकाएकीं प्राणघातक इतका खालीं जाऊं शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून निदान चोवीस तास, व टॅडालाफिल घेतल्यापासून अठ्ठेचाळीस तास नायट्रेट वर्ज्य असतें.

मध्यरात्रीं पतीच्या छातींत कळ आली, तर देव्हाऱ्याजवळच्या डबींतली ती गोळी पुष्कळदां पत्नीच काढून देते. त्या संध्याकाळीं त्यानें काय घेतलें होतें, हें तिला ठाऊक असावें लागतें. रुग्णालयांतील डॉक्टरांना सांगणारीहि त्या वेळीं तीच असते.