वणव्याचा पैसा कोणाच्या ओंजळींत?

(ग्रामसभेपुढें केलेलें भाषण)

कुणबी, धनगर, सुतार, बुरूड बंधूंनो आणि मायबहिणींनो,

माघ सरत आला. डोंगरावरचें गवत वाळलें आहे आणि थोड्याच दिवसांत रात्रीं आगीची लाल माळ दिसूं लागेल. ती पाहून लोक म्हणतात, सरकारचें रान जळतें आहे. पण गवत जळलें तर वैशाखांत आपल्या बैलांनीं काय खावें? बांबू जळला तर बुरुडाची सुरी बसून राहते. उघड्या डोंगराची माती मृगाच्या सरींबरोबर येऊन आपलींच तळीं भरते. साहेबांचा पगार मात्र पैशानेंही कमी होत नाहीं.

कायदा आपणांस चांगला ओळखतो. 1927 च्या जंगल कायद्याच्या 79 व्या कलमाप्रमाणें, ज्यांना रानांत चराईचा वा लांकूडफाट्याचा हक्क आहे त्यांनीं वणवा विझविण्यास मदत केलीच पाहिजे. 26 व्या कलमाप्रमाणें, राखीव रानांत मुद्दाम किंवा घोर बेपर्वाईनें आग लागली तर तेथील चराईचे हक्क सरकारास बंद ठेवतां येतात. म्हणजे एकानें काडी ओढावी आणि साऱ्या गांवाच्या गुरांनीं उपाशी राहावें! जंगलखात्यानें गायरानें गिळल्याची तक्रार जोतीरावांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा आसूड' मध्यें केली होती.

बरें, पैसा नाहीं म्हणावें तर तसेंही नाहीं. 2017-18 पासून वणवा प्रतिबंधाची केंद्राची योजना आहे. तींत बहुतेक राज्यांना शंभरांतले साठ रुपये केंद्र देतें, हिमालयांतील व ईशान्येकडील राज्यांना नव्वद. शिवाय खाणी, धरणें, रस्ते यांसाठीं रान घेणाऱ्यांकडून जी भरपाई वसूल होते तिचा साठा निराळा. 2016 च्या कायद्यानें त्याचे नव्वद टक्के राज्यांचे ठरले. 2019 च्या ऑगस्टांत 47,000 कोटींहून अधिक रुपये राज्यांना मिळाले, पैकीं महाराष्ट्रास 3,800 कोटींवर. वणव्याचा बंदोबस्त ह्या पैशांतून करतां येतो.

आतां उत्तराखंडाकडे पहा. 2024 च्या मे महिन्यांत तेथील डोंगर पेटले असतां सर्वोच्च न्यायालयानें विचारलें, दहा कोटी मंजूर असतां तीन कोटी पंधरा लाखच कां? वनकर्मचारी निवडणुकीच्या कामास कां जुंपले? पुढें जूनमध्यें बिनसरच्या अभयारण्यांत आग विझवितांना चार कर्मचारी जळून मेले. 2025 सालीं हिशेब तपासनिसांचा अहवाल आला, त्यांत त्या राज्यानें भरपाईच्या पैशांतून महागडे फोन आणि फ्रीज घेतल्याचें निघालें. फ्रीजनें वणवा विझत असेल तर आमचें म्हणणें नाहीं!

त्याच डोंगरांत जुनी गोष्ट घडली आहे. इंग्रजांनीं 1911 ते 1917 ह्या काळांत कुमाऊंचीं रानें राखीव केलीं, आणि 1921 सालीं लोकांनींच तीं पेटवून दिलीं. पुढें 1931 पासून नियम करून कांहीं रानें वनपंचायतींच्या हातीं द्यावीं लागलीं. आमच्या गडचिरोलींतील मेंढा (लेखा) गांवास 2009 सालीं सुमारें 1,800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. 2006 च्या वनहक्क कायद्याचें 5 वें कलम रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेस देतें. अधिकार दिला, त्यामागें पैसा कां नाहीं?

गांवांतल्या कांहीं माणसांसही स्पष्ट बोललें पाहिजे. मोहफुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाला पेटवितात, तेंदूला कोंवळीं पानें यावीं म्हणून झुडपें जाळतात. पाला झाडून काढावा, खालीं जुनें लुगडें पसरावें. झुडपें कोयत्यानें छाटावीं. काम अधिक आहे, हें आम्ही जाणतों. म्हणूनच त्याची मजुरी ह्या पैशांतून मागावयाची.

सरकारी वर्ष 31 मार्चला संपतें, आणि रान तेव्हांच पेटलेलें असतें. म्हणून आजच माहितीच्या अधिकाराचा अर्ज करूं. फी दहा रुपये आहे. तीन गोष्टी विचारूं: आपल्या शिवारांत जाळरेषा किती व केव्हां काढल्या, रखवालीची मजुरी कोणास दिली, आणि 2018 च्या नियमांत सांगितल्याप्रमाणें भरपाईच्या कामांविषयीं आपल्या ग्रामसभेचा सल्ला कोणत्या तारखेस घेतला. देहरादूनची वन सर्वेक्षण संस्था उपग्रहानें दिसलेल्या आगीची खबर नांव नोंदविणाऱ्याच्या मोबाइलवर धाडते. तरुणांनीं आज रात्रींच नांवें घालावीं.

अर्ज आम्हीं लिहून आणला आहे. सह्या, अंगठे पुढें येऊन करा. बायांनीं आधीं, कारण सरपणाची मोळी त्यांच्या डोक्यावर असते.