धिंगरीचे बीजाणू आणि फुप्फुसे

धिंगरी अळंबी पिकविण्यास शेत लागत नाही. उकळत्या पाण्यातून काढलेला भाताचा पेंढा, बियाणे, पिशव्या आणि ओलसर बंदिस्त खोली एवढे पुरते. धोका त्या बंदिस्तपणातच आहे.

बटन अळंबी छत्री उघडण्यापूर्वी खुडतात. धिंगरीच्या खालच्या पाळ्या मात्र आरंभापासून उघड्या असतात. त्यांतून ८ ते १२ मायक्रॉन लांबीचे असंख्य बीजाणू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे ते रुजत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर अतिरेकाने चालून जाते व वायुकोश सुजतात. हा संसर्ग नव्हे. म्हणून प्रतिजैविके येथे निरुपयोगी ठरतात.

काम आटोपल्यावर ४ ते ८ तासांनी हुडहुडी, ताप, कोरडा खोकला व धाप सुरू होते. एकदोन दिवस घरी राहिले की उतार पडतो, आणि रोगी पुन्हा त्याच खोलीत जातो. वर्षानुवर्षे असे घडल्यास फुप्फुसे तंतुमय होऊन ताठरतात. ती हानी भरून येत नाही.

रोग्याला त्याचा व्यवसायही विचारावा, असे इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात सांगितले. या आजारात तो एक प्रश्न साऱ्या औषधांहून मोलाचा ठरतो. छत्रीची कड सपाट होण्यापूर्वी काढणी, खेळती हवा आणि सूक्ष्म कण अडविणारा मुखपट्टा हे उपाय आहेत. रोग जडल्यावर मात्र त्या खोलीपासून दूर राहणे हाच खरा उपचार होय.