एका आधाराचें घर

तिन्हीसांजा होऊन दिवा लागला, कीं मूल घरांतील माणसें मोजूं लागतें. ज्या घरीं आई किंवा बाप यांपैकीं एकच उरलेलें असतें, तेथें हा हिशेब फार लवकर संपतो. आणि तें एक माणूस अर्धा तास उशिरां परतलें, तर मूल दाराशीं येऊन उभें राहतें. अशा घरांत स्वास्थ्य कसें नांदावें, असें विचारतां ‘आईनेंच बाप व्हावें’ हें ठराविक उत्तर मिळतें. एका जिवानें दोघांचें काम केल्यानें घरांत येतो तो थकवा, आणि तो मुलालाच प्रथम कळतो. त्या मुलाला हवें असतें तें निराळेंच: आपल्याविषयीं शेवटचा शब्द कोणाचा, हें निःसंशय ठाऊक असणें.

पंडिता रमाबाईंनीं हें ओळखलें होतें. १८८२ सालीं त्यांचे पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें वारले, तेव्हां मनोरमा वर्षाचीही नव्हती. रमाबाईंचे आईबाप व भाऊ पूर्वींच गेलेले. १८८३ मध्यें मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. पुढें त्या चेल्टनहॅमच्या विद्यालयांत राहूं लागल्या व मुलगी वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे राहिली. तरीही मुलीला कोणती धर्मतत्त्वें शिकवावीं, यावर त्यांनीं त्याच उपकारकर्त्या भगिनींशीं पत्रांतून निकराचा वाद घातला. ज्यांच्या आश्रयाला आपलें मूल आहे, त्यांना ‘नाहीं’ म्हणणें किती कठीण, हें दिराच्या किंवा भावाच्या घरीं राहिलेल्या कोणत्याही विधवेला सांगावें लागणार नाहीं. मायलेकींच्या त्या आयुष्यांत दीर्घ वियोग होते; त्याला आदर्श म्हणण्याचें कारण नाहीं. पण १८८९ मध्यें मुंबईंत शारदासदन निघालें, आणि पुढें मनोरमाबाई आईच्याच कार्यांत तिच्या सहकारी झाल्या.

कायद्याला ही गोष्ट उशिरां उमगली. १९५६ च्या हिंदु अज्ञान व पालकत्व कायद्यांत बापाच्या ‘नंतर’ आई पालक, असें होतें. त्या ‘नंतर’चा अर्थ बापाच्या हयातींतील अनुपस्थितींतही लागू शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९९ मध्यें ठरविलें.

घरांत मात्र निकाल रोजचाच असतो. मामा शाळा सुचवितो, आत्या मुंजीचें ठरविते, आजी लाड करते. साऱ्यांची मदत घ्यावी, पण होकार-नकार मुलाला एकाच तोंडून ऐकूं यावा. कामावरून येण्यास उशीर होणार असेल, तर निरोप कोणत्या बिऱ्हाडीं येईल, हें त्याला सकाळींच सांगावें. त्या बिऱ्हाडाची कडी त्याला बिनदिक्कत वाजवितां यावी. आणि परतल्यावर अभ्यासाची झडती घेण्यापूर्वीं दोघांनीं घटकाभर एकत्र बसावें. स्वयंपाक त्या दिवशीं पिठलें-भातावर भागला तरी चालेल.