आपल्या पाण्याचा तक्ता



 छायाचित्रकारांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आज मला एकाच विषयावर बोलायचं आहे: मंद कृष्णधवल फिल्म आणि आपल्याकडचं ऊन-पाणी.

कोडॅकची पॅनाटॉमिक-एक्स गेली, उटीला बनणारी आपली इंदूही गेली. इलफर्डची 50 आयएसओची पॅन एफ प्लस मात्र अजून मिळते. तिच्या बारीक दाण्याची सगळ्यांना भुरळ पडते. पण त्याबरोबर कॉन्ट्रास्टही तीव्र येतो, आणि आपली खरी झुंज त्याच्याशी आहे. वाईच्या घाटावर भर दुपारी उभे राहा. एकीकडे काळा बेसाल्ट आणि पायऱ्यांच्या सांध्यांतली सावली, दुसरीकडे वाळत घातलेलं पांढरं धोतर. मीटर 50 वर ठेवून टिपलं आणि रोल छापील वेळेने धुतला, तर दगडाचा कोळसा होतो आणि धोतराचा पोतच उरत नाही. म्हणून माझा आग्रह आहे: मीटर 25 वर लावा आणि डेव्हलपिंगची वेळ पाचव्या हिश्श्याने कमी करा. छिन्नीच्या खुणा निगेटिव्हमध्ये उतरल्याच पाहिजेत. तिथे नसतील, तर प्रिंटमध्ये कुठून आणणार?

आता पाणी. आयडी-11 डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी घातलं, तर या फिल्मसाठी साडेआठ मिनिटांची वेळ दिलेली असते, तीही 20 अंश सेल्सिअसला. मे महिन्यात जळगावच्या गच्चीवरच्या टाकीत 20 अंशांचं पाणी कुठून येणार? 24 अंशांवर हीच वेळ सहा मिनिटांच्या आसपास येते, 30 अंशांवर चारच्याही खाली. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा लागेल याची खात्री नसते. मोकळ्या आकाशात पट्टे दिसू लागतात. त्यावर उपाय म्हणजे डेव्हलपर एकास तीन पातळ करा. मग 24 अंशांवरही दहाएक मिनिटं मिळतात आणि वेळ कमी करायला जागा राहते. घमेल्यात बर्फ घालून बाटल्या ठेवा; पण फक्त डेव्हलपरची नको, हायपोची आणि धुण्याच्या पाण्याचीही ठेवा. गरम पाण्यात जिलेटिन मऊ पडतं आणि नुसतं नख लागलं तरी ओरखडा उठतो.

टिपलेला रोल कपाटात पडू देऊ नका. या फिल्मवरची सुप्त प्रतिमा लवकर विरते. कंपनीच तीन महिन्यांच्या आत धुवा म्हणते. आपल्या उकाड्यात मी म्हणेन, महिनाभरही थांबू नका.

हे काम आपल्या घरांना परकं नाही. 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत फिल्मवर घेतली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रसायनं कालवायला, फिल्मला छिद्रं पाडायला, ती धुवायला शिकल्या, तेही मुंबईच्या दमट हवेत. आज मात्र आपली तरुण मुलं परदेशी तक्त्यांवर विसंबून रोल खराब करतात आणि दोष स्वतःला देतात. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येकाने आपल्या नोंदी या संमेलनाच्या कार्यालयाकडे पाठवा: गाव, महिना, पाण्याचं तापमान, फिल्म, डेव्हलपर, वेळ. बिघडलेल्या रोलच्या नोंदीही पाठवा. पुढच्या संमेलनाच्या आत आपण त्यांचा तक्ता मराठीत छापू.